दगडातला मराठा

जबलपूर-नागपूर रस्त्यावरचं आमचं बरगी हे गाव नर्मदेवरच्या धरणामुळे लोकांना ठाऊक आहे. बंगाली माणसाला मात्र हे नाव ऐकून वेगळंच काही आठवतं. १७४० नंतरच्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाने बंगालवर स्वाऱ्या केल्या. ‘बारगीर’चा तिथे ‘बर्गी’ झाला आणि मुलांना निजवण्याच्या गाण्यात जाऊन बसला. या नामसाधर्म्यामुळे मला एक नाद लागला : परक्यांच्या घरात मराठा कसा दिसतो, ते शोधायचा.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत तो दगडात दिसतो. सेनापती आयर कूट १७८३ साली मद्रासला वारला. कंपनीने उभारलेलं त्याचं स्मारक टॉमस बँक्स या शिल्पकाराने १७८९ साली पुरं केलं. त्यात विजयदेवता कूटची प्रतिमा टांगते आहे आणि शेजारी एक बंदी खिन्न बसला आहे. वर्णनांत त्याची ओळख ‘मराठा कैदी’ अशीच दिली जाते. पण कूटचं नाव झालं ते वांदिवाशला फ्रेंचांविरुद्ध आणि पोर्टो नोव्होला हैदरअलीविरुद्ध. मराठ्यांशी कंपनीची लढाई चालू होती ती इकडे, पुण्याच्या वाटेवर. तिथे जानेवारी १७७९ मध्ये वडगावला कंपनीच्या फौजेनेच शरणागतीचा तह केला होता. त्यानंतर दहा वर्षांनी ॲबीत मराठा कैदी होऊन बसला!

सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये सर विल्यम जोन्सचा पुतळा आहे, १७९९ सालचा. त्याच्या हाताखाली मनुस्मृतीचा ग्रंथ आणि चौथऱ्यावर समुद्रमंथन. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या आरंभी इथे शिरायला दारात दोन पेन्स मोजावे लागत. हिंदुस्थानातून आलेल्या पाहुण्याने पैसे देऊन आत जावं, तर समोर आपलीच पुराणकथा, तीही परक्याच्या पायाशी.

त्याच काळात एक खराखुरा मराठी माणूस लंडनमध्ये राहत होता. सातारच्या प्रतापसिंह महाराजांना कंपनीने १८३९ साली पदच्युत केलं. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते दाद मागायला विलायतेला गेले आणि १८५३ पर्यंत तिथेच राहिले. सेंट पॉलपासून पायी जाण्याजोग्या अंतरावर, लेडनहॉल स्ट्रीटला, कंपनीची कचेरी होती. रंगो बापूजींनी अर्ज केले, भागधारकांच्या सभेत बाजू मांडली, पत्रकं छापली. दरम्यान १८४७ साली महाराज काशीला वारले आणि १८४८ साली राज्यच खालसा झालं. अखेर कर्जबाजारी होऊन ते परतले. १८५७ साली साताऱ्यातल्या उठावात त्यांच्या मुलाला, सीतारामला, फाशी झाली. रंगो बापूजी निसटले आणि पुढे कुणाच्या हाती लागले नाहीत.

दगडातल्या मराठ्याला नाव नाही आणि त्याला काही बोलायचंही नाही. त्याने फक्त हरलेलं दिसायचं. रंगो बापूजीही हरले, पण चौदा वर्षं ते त्यांच्याच कायद्याचा दाखला देत, त्यांच्याच शहरात बोलत राहिले. आता मराठी माणसं ॲबी पाहायला जातात, राजेराण्यांच्या समाध्यांपाशी फोटो काढतात. उत्तरेकडच्या भागात कूटच्या स्मारकाशी क्षणभर थांबलं, तर त्या कैद्याला वडगावची आठवण द्यावी आणि रंगो बापूजींचं नावही सांगावं.