सुईची टोच आणि कावीळ

आपल्या समाजातील कितीतरी लेकी-सुना नर्स झाल्या. सुई टोचली की हात धुवायचा आणि पुन्हा कामाला लागायचे. त्या टोचेतून कावीळही शिरते, हे तेव्हा आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते?

हा उलगडा अमेरिकेत झाला. ब्रुकलिनच्या येशिवात शिकलेले डॉ. बारूख ब्लमबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात अनोळखी प्रथिन आढळले होते. १९६७ साली फिलाडेल्फियातील त्यांच्याच प्रयोगशाळेतली एक तंत्रज्ञ आजारी पडली. तिने स्वतःचे रक्त तपासले. पूर्वी नसलेले ते प्रथिन आता त्यात होते. पाठोपाठ कावीळ झाली. ती बरी झाली आणि ‘हिपॅटायटिस बी’चा माग लागला.

१९७६ साली ब्लमबर्ग यांना नोबेल मिळाले, १९८१ मध्ये लशीला मंजुरी मिळाली. १९९१ च्या नियमाने रक्ताशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांना ती मोफत देणे मालकांवर बंधनकारक झाले. अमेरिकेतील आरोग्यसेवकांत १९८३ साली अंदाजे १७,००० जणांना ही लागण झाली होती. १९९५ साली सुमारे ४०० जणांना.

आपली नातवंडे इस्पितळात कामाला असतील, तर लशीचे सर्व डोस झाले का, एवढे आपण जरूर विचारू या. जीव राखणे हीसुद्धा मित्सवाच.