सर्पगंधेची मुळी आणि रक्तदाब

सन १९४९ मध्यें मुंबईच्या किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयांतील डॉ. रुस्तम जाल वकील यांचा एक निबंध 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. रक्तदाबाच्या रोग्यांना सर्पगंधेची मुळी दिली असतां काय होतें, याचा तो हिशेब होता. मुळी नवी नव्हती. सर्पदंश, निद्रानाश आणि उन्माद यांवर वैद्य-वैदू ती पिढ्यान्‌पिढ्या देत आले होते. बिहारांत तर तिला 'पागल की दवा' असेंच म्हणत. १९३१ सालीं गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्मादाबरोबरच रक्तदाबावरही तिचा गुण येतो असें लिहिलें होतें. परंतु त्या गोष्टीकडे पश्चिमेचें लक्ष वेधलें तें वकिलांच्या निबंधानें.

एकाच मुळीनें वेडही शमावें आणि रक्तदाबही उतरावा, हें कसें? मेंदूच्या तळाशीं असलेलें केंद्र मज्जातंतूंच्या द्वारें रक्तवाहिन्यांना आकुंचन पावण्याची आज्ञा देतें. ही आज्ञा पोंचविणारें नॉरअ‍ॅड्रिनलिन नांवाचें द्रव्य मज्जातंतूंच्या टोकांशीं इवल्याशा पिशव्यांत सांठविलेलें असतें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं या मुळींतून रिसर्पीन वेगळें काढलें. रिसर्पीन त्या पिशव्या भरूं देत नाहीं. सांठा सरला कीं आज्ञा क्षीण होते, वाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो.

परंतु मनाची उभारी ज्यांवर अवलंबून, तीं द्रव्यें देखील मेंदूंत अशाच पिशव्यांतून असतात. तींही आटतात. म्हणूनच उन्मत्त मनुष्य शांत होई. आणि म्हणूनच, मोठ्या मात्रेच्या त्या दिवसांत, रक्तदाब उतरलेले कांहीं रोगी खिन्नतेंत बुडाले. वरदान आणि शाप एकाच देंठाला लागलेले होते.

पुढें मिथिलडोपा व क्लोनिडीन हीं औषधें आलीं. तीं सांठा रिकामा करीत नाहींत. मेंदूंतील केंद्रालाच आज्ञा कमी करावयास लावतात. मिथिलडोपा आजही गरोदर स्त्रियांना देतात. क्लोनिडीन मात्र एकाएकीं बंद केल्यास दाब उसळून वर येतो.

१९५७ सालीं वकिलांना अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं स्वीडनमध्यें आर्विड कार्लसन यांनीं रिसर्पीननें निश्चल झालेले ससे एल-डोपा टोंचून पुन्हा हालते केले. कंपवाताच्या उपचाराची वाट त्यांतूनच सांपडली. रिसर्पीन आतां क्वचितच दिलें जातें. मेंदूंतील द्रव्यांचें जें ज्ञान त्याच्या दोषानें दिलें, तें मात्र वैद्यकाच्या पदरीं कायमचें पडलें.