केरळच्या शाळांनी विंडोज का सोडले?

विंडोज सोडून लिनक्स घ्या, असे कुणी म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : ते फुकट मिळते का? इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात फुकट आणि मुक्त असे दोन्ही अर्थ आहेत. त्यामुळे १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना हा फरक आयुष्यभर समजावून सांगावा लागला. सॉफ्टवेअर कसे बनले आहे ते पाहण्याचा, त्यात बदल करण्याचा आणि ते दुसऱ्याला देण्याचा अधिकार वापरणाऱ्याला असावा, हे त्यांचे म्हणणे होते. किमतीचा मुद्दा त्यानंतरचा. मराठीत या दोन अर्थांना दोन वेगळे शब्द आहेत, तरी आपण 'फुकट' तेवढे धरून बसलो. केरळातल्या कार्यकर्त्यांनी मात्र मल्याळममध्ये 'स्वतंत्र' हा शब्द निवडला आणि तो पुढे शाळेपर्यंत नेला.

२००१ साली तिथे दोन गोष्टी घडल्या. इस्रोचे माजी अध्यक्ष प्रा. यू. आर. राव यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाच्या शिफारशींवरून राज्य सरकारने 'आयटी अॅट स्कूल' हा प्रकल्प सुरू केला. त्याच वर्षी जुलैमध्ये तिरुवनंतपुरम येथे स्टॉलमन यांच्या उपस्थितीत 'फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडिया'ची सुरुवात झाली. पण शाळेत जो संगणक आला तो विंडोज घेऊनच आला. पाठ्यपुस्तकही त्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर बेतलेले होते. सरकारी पुस्तकात एका कंपनीच्या मालाचा वापर शिकवायचा, त्याची परीक्षा घ्यायची आणि याला संगणक साक्षरता म्हणायचे, हा प्रकार होता.

याला विरोध कुणी केला? मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते होतेच, पण खरा जोर लागला तो केरळ स्कूल टीचर्स असोसिएशन या शिक्षक संघटनेचा. ही संघटना डाव्या विचारांची आणि तेव्हा सत्तेवर काँग्रेसप्रणीत आघाडी. म्हणजे यात राजकारण होतेच, आणि असायलाच हवे होते. मुलांनी काय शिकायचे हा राजकीय प्रश्न नसेल तर दुसरा कोणता असेल? विरोधामुळे सरकारला लिनक्सचा पर्याय द्यावा लागला. काही काळ दोन्ही पद्धती बरोबरीने चालल्या. २००६ मध्ये व्ही. एस. अच्युतानंदन मुख्यमंत्री झाले आणि पारडे फिरले. त्यानंतरच्या दोनएक वर्षांत दहावीची आयटी परीक्षा पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर होऊ लागली.

परीक्षेचा हा धागा महत्त्वाचा आहे. आदेश काढून संगणक बदलता येतात, पण सवय बदलत नाही. दहावीला आयटी सक्तीचा विषय आणि परीक्षा लिनक्सवर, असे ठरल्यावर शाळेला दुसरी वाट उरली नाही. मात्र सक्ती करताना शिक्षकांना वाऱ्यावर सोडले नव्हते. प्रशिक्षण देणारे 'मास्टर ट्रेनर' शाळांतल्याच शिक्षकांमधून घेतले. प्रत्येक हायस्कूलमध्ये एका शिक्षकाकडे आयटी समन्वयकाची जबाबदारी दिली आणि त्याच्या मदतीला विद्यार्थी तयार केले. मशीन बंद पडले तर शहरातल्या एजन्सीचा माणूस येईपर्यंत प्रयोगशाळेला कुलूप, हे आपल्याकडचे ओळखीचे दृश्य. तिथे नववीतली मुलगी ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा टाकू शकत होती, आणि असे करणे हा गुन्हाही नव्हता.

'विंडोजसुद्धा आम्हाला फुकटच मिळते,' असे आपल्याकडे हसून सांगितले जाते. मिळते, पण चोरीच्या कॉपीवर. घरी चालते ते सरकारी शाळेला चालत नाही. शिवाय शिकणाऱ्याने चोरलेल्या कॉपीने कंपनीचे फारसे बिघडत नाही. हात त्याच सॉफ्टवेअरवर बसलेला माणूस उद्या नोकरीच्या ठिकाणी तेच मागतो आणि तिथे त्याचे पैसे मोजले जातात.

या बदलाने ३,००० कोटी रुपये वाचले, असे केरळकडून सांगितले जाते. हा आकडा आमच्या मित्रांनीही भाषणांत बराच फिरवला आहे. तो सावधपणे वापरावा. प्रत्येक संगणकासाठी लागणाऱ्या सशुल्क सॉफ्टवेअरची किंमत सुमारे दीड लाख रुपये धरून तिला दोन लाख संगणकांनी गुणले आहे. प्रत्यक्षात कोणतेही सरकार शाळांसाठी एवढी किंमत देत नाही. कंपन्या शाळांना भरघोस सवलत देतात, कधी नुसतेच देऊन टाकतात. तेच तर त्यांचे बी पेरणे असते. म्हणून बचतीच्या पायावर हा युक्तिवाद उभा केला, तर फुकटची ऑफर येताच तो कोसळतो.

भाषेचा मुद्दा याहून भक्कम आहे. टंकलेखन यंत्रासाठी १९७१ मध्ये मल्याळम लिपी सोपी केली, म्हणजे तिची जोडाक्षरे तोडली. ती मूळ लिपी संगणकावर परत आणण्यासाठी १९९९ मध्ये 'रचना' ही चळवळ उभी राहिली. 'स्वतंत्र मल्याळम कॉम्प्युटिंग'च्या तरुणांनी फॉन्ट, कळफलक, भाषांतरे तयार केली आणि सर्वांना खुली करून दिली. कोड उघडा असल्यामुळे अक्षर तुटत असेल तर ते कुठे तुटते हे पाहता येत होते. बंद सॉफ्टवेअरमध्ये कंपनीला आपली भाषा कधी आठवते याची वाट पाहायची. ज्ञान कुलपात ठेवून किल्ली एकाच्या हाती देण्याचा अर्थ काय, हे आम्हाला नव्याने सांगायला नको.

असा बदल उलटतो तेव्हा काय होते, तेही पाहिले पाहिजे. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने मे २००३ मध्ये लिनक्सकडे जाण्याचा निर्णय घेतला. तो थांबवण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर सुट्टी सोडून महापौर क्रिस्टियान उडे यांना भेटले होते, पण उडे बधले नाहीत. २०१३ पर्यंत १४ हजारांहून अधिक संगणक लिनक्सवर आले. पुढे महापौर बदलले, आणि २०१७ मध्ये परिषदेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरवले. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या, त्या खोट्या नव्हत्या. पण दहा वर्षांचे काम एका मतदानाने फिरले, कारण ते महापालिकेच्या आयटी विभागाचे काम राहिले, शहराचे झाले नाही. केरळात त्यानंतर सरकारे आली आणि गेली, पण शाळेतले लिनक्स हलले नाही. २०११ मध्ये काँग्रेसची आघाडी परत आली तेव्हाही नाही. तोवर हजारो शिक्षकांचे हात त्यावर बसले होते.

आणि आपण? महाराष्ट्रात त्याच सुमारास एमकेसीएलची एमएस-सीआयटी परीक्षा सुरू झाली. गावोगावच्या केंद्रांमधून लाखो मुलामुलींनी, बहुतेकांनी पदरची फी भरून, तिच्यात विंडोज, वर्ड आणि एक्सेल गिरवले. शासकीय नोकरीसाठी हे किंवा समकक्ष प्रमाणपत्र आवश्यक ठरले. मुदतीत ते सादर न करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनवाढी रोखल्या गेल्या. त्या अभ्यासक्रमात कोणते सॉफ्टवेअर असावे, यावर आपल्या एकाही शिक्षक किंवा कर्मचारी संघटनेने मोर्चा काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही. वेतनवाढीसाठी मात्र निघाले, आणि ते योग्यच होते.