द्रुतगती मोटारगाड्यांची निगा व अपघातांची यांत्रिक तपासणी

वजनाच्या मानाने एंजिनाची शक्ती पुष्कळ जास्त असलेल्या, जमिनीलगत बांधणीच्या आणि वाहतुकीपेक्षा मुख्यतः वेगाच्या आनंदासाठी घेतल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारगाडीस क्रीडा मोटारगाडी किंवा द्रुतगती मोटारगाडी म्हणतात. अशा गाडीचा प्राणांतिक अपघात झाला म्हणजे ‘गाडीत दोष होता काय ?’ हा प्रश्न प्रथम विचारला जातो. तो मृताचे आप्त विचारतात, तसाच आरोपी चालकाचा वकीलही विचारतो. दोघांचे हेतू मात्र परस्परविरोधी असू शकतात. या प्रश्नाचे उत्तर भग्न गाडीच्या तपासणीतून जितके मिळते, तितकेच अपघातापूर्वी त्या गाडीची निगा कशी राखली गेली व तिची नोंद कोणी ठेवली, यांवर अवलंबून असते.

निगेचे स्वरूप : सामान्य मोटारगाडीची निगा धावलेल्या अंतरावर मोजली जाते. द्रुतगती गाडीस हे माप अपुरे पडते, कारण अशा गाड्या फार थोड्या धावतात व पुष्कळ काळ बंद जागेत उभ्या असतात. एंजिनातील झडपा चालविणारा रबरी दातेरी पट्टा काही गाड्यांत किलोमीटर न पाहता ठराविक वर्षांनी बदलावा लागतो आणि त्यासाठी कित्येकदा एंजिनच खाली उतरवावे लागते. ब्रेकमधील द्रव हवेतील आर्द्रता शोषतो; त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि लागोपाठ जोराने ब्रेक लावल्यास द्रवात वाफेचे बुडबुडे होऊन पायाखालचा दट्ट्या पोकळ लागतो. पावसाळी हवेच्या कोकणपट्टीत ही बाब दुर्लक्षून चालत नाही.

तथापि सर्वांत अधिक महत्त्व टायरला आहे. गाडीचे सारे सामर्थ्य शेवटी तळहाताएवढ्या चार ठशांतून रस्त्यावर उतरते. द्रुतगती गाडीच्या टायरचे रबर पकड वाढावी म्हणून मऊ ठेवतात. ऑक्सिजन, उष्णता व प्रकाश यांच्या परिणामाने रबर हळूहळू कठीण होते, त्याची लवचिकता जाते आणि ही क्रिया गाडी उभी असतानाही चालूच राहते. टायरची पारख नक्षीच्या खोलीवरून करण्याची पद्धत सार्वत्रिक आहे, मग ते मुंबईतील विक्रेत्याचे दालन असो वा बीड जिल्ह्यातील लिंबागणेशसारख्या गावातील पंक्चर काढण्याचे दुकान. भारतीय नियमांतही मोटारगाडीसाठी नक्षीची किमान खोली १·६ मिमी. ठरविली आहे. परंतु कमी धावलेल्या गाडीची नक्षी ताजी दिसते व रबर मात्र म्हातारे झालेले असते. टायरच्या बाजूवर निर्मितीचा आठवडा व वर्ष चार अंकांत छापलेले असतात. ‘३५०५’ म्हणजे २००५ सालचा पस्तिसावा आठवडा. हे अंक वाचणारे ग्राहक थोडे.

तपासणीचा इतिहास : प्रारंभी भग्न गाडीकडे पुरावा म्हणून पाहण्याची दृष्टी नव्हती. ३ मार्च १९२७ रोजी वेल्समधील पेंडाइनच्या वाळूवर वेगाचा उच्चांक परत मिळविण्याच्या प्रयत्नात जे. जी. पॅरी-टॉमस यांचा ‘बॅब्स’ या २७ लिटर एंजिनाच्या गाडीत मृत्यू झाला. चाक फिरविणारी साखळी तुटून त्यांच्या मानेवर बसली, असे तत्काळ ठरले व गाडी तेथेच वाळूत पुरण्यात आली. पुरावाच पुरला गेल्याने साखळीची कथा चाळीस वर्षांहून अधिक काळ निर्विवाद राहिली. १९६९ मध्ये ओवेन विन ओवेन यांनी गाडी उकरून काढून दुरुस्त केली; अवशेषांवरून साखळीपेक्षा मागील उजव्या चाकाकडे बोट दाखविणारा तर्क नंतर पुढे आला.

११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल मां येथील शर्यतीत मर्सिडीझ ३०० एसएलआर गाडी प्रेक्षकांत शिरून ऐंशीहून अधिक माणसे मरण पावली. तेथील चौकशीचा रोख गाडी व चालक यांच्यापेक्षा जुन्या, अरुंद मार्गाच्या रचनेवर राहिला. जिम क्लार्क यांच्या ७ एप्रिल १९६८ च्या हॉकेनहाइम येथील अपघाताचे संभाव्य कारण मागील टायरमधील हवा हळूहळू जाणे हे मानले गेले.

ब्राझीलचे आयर्टन सेना १ मे १९९४ रोजी इटलीतील इमोला येथे मरण पावले. चालकाची जागा अडचणीची होत होती म्हणून त्यांच्या गाडीच्या स्टिअरिंगचा दांडा कापून त्यात कमी व्यासाचा तुकडा जोडण्यात आला होता. तुटलेल्या दांड्यावर धातूच्या थकव्याच्या खुणा आढळल्या. दांडा तुटल्यामुळे अपघात झाला, की अपघातामुळे दांडा तुटला, यावर तेरा वर्षे न्यायालयीन वाद चालला. १९९७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. २००७ मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने दांड्यातील सदोष बदल हे कारण मानले व तांत्रिक प्रमुख पॅट्रिक हेड यांच्याकडून देखरेखीत कसूर झाल्याचे म्हटले. परंतु मुदत उलटून गेल्याने शिक्षेचा प्रश्न उरला नव्हता. एकाच वस्तूवरून दोन न्यायालयांनी दोन निष्कर्ष काढले, यावरून यांत्रिक पुरावा स्वयंस्पष्ट नसतो हे दिसते.

कारेरा जीटी प्रकरण : निगेचा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे पुढे आला तो अमेरिकेतील एका अपघातामुळे. जर्मनीतील लाइपझिग येथे २००३ ते २००६ या काळात बनलेल्या पोर्शे कारेरा जीटी गाडीत दहा सिलिंडरांचे ५·७ लिटरचे व सहाशेहून अधिक अश्वशक्तीचे एंजिन होते. कमाल वेग ताशी सु. ३३० किमी. होता. घसरती गाडी आपोआप सावरणारी इलेक्ट्रॉनिक स्थैर्ययंत्रणा तिच्यात बसविलेली नव्हती. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियातील सँटा क्लॅरिटा येथे अशी एक गाडी दिव्याच्या खांबावर व झाडांवर आदळून पेटली आणि चालक रॉजर रोडास व चित्रपट अभिनेते पॉल वॉकर हे दोघे मरण पावले. मार्च २०१४ मध्ये जाहीर झालेल्या चौकशीनुसार गाडीचा वेग ताशी सु. १३० ते १५० किमी. होता, त्या रस्त्यावरील मर्यादा ताशी सु. ७२ किमी. होती. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी १५० किमी. वेगाला ती मर्यादेतील वेगाच्या चौपटीहून अधिक होते. गाडीत आधीपासून यांत्रिक बिघाड असल्याचे आढळले नाही; मात्र टायर नऊ वर्षांचे होते व त्यामुळे गाडीची पकड उणावली असावी, असे तपासणाऱ्यांनी नमूद केले.

यानंतरचे दावे उद्बोधक आहेत. रोडास यांच्या पत्नीने निलंबन यंत्रणा, म्हणजे चाके व सांगाडा यांना जोडणारी स्प्रिंगांची योजना, सदोष असल्याचा आरोप केला; वॉकर यांच्या कन्येने सुरक्षापट्ट्याच्या रचनेवर व स्थैर्ययंत्रणेच्या अभावावर बोट ठेवले. कंपनीने उलट असे म्हणणे मांडले, की गाडीत बदल केलेले होते, तिचा गैरवापर झाला होता आणि तिची निगा योग्य राखली गेली नव्हती. म्हणजे ज्या निगेविषयी गाडी धावत असताना फारसे कोणी विचारले नव्हते, तीच मृत्यूनंतर उत्पादकाच्या बचावाचा आधार झाली. रोडास यांचा दावा २०१६ मध्ये पुराव्याअभावी फेटाळला गेला. वॉकर यांच्या कन्येचा दावा २०१७ मध्ये अप्रकट अटींवर मिटला. पुढे २०२३ मध्ये निलंबन यंत्रणेतील गोलाकार सांधे झिजून तुटण्याचा संभव दिसल्याने अमेरिकेतील ४८९ कारेरा जीटी गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविण्यात आल्या आणि तोपर्यंत त्या चालवू नयेत असे मालकांना कळविण्यात आले. २०१३ च्या अपघाताशी या दोषाचा संबंध सिद्ध झालेला नाही. तथापि अठरा-वीस वर्षे जुन्या, क्वचित चालविल्या जाणाऱ्या गाड्यांत काय झिजते, हे निर्मात्यालाही इतक्या उशिरा कळावे ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

महाराष्ट्रातील अनुभव : महाराष्ट्रात अतिशक्तिमान गाड्यांची संख्या थोडी असली, तरी द्रुतगती मार्ग व आलिशान गाड्या वाढल्यापासून हेच प्रश्न येथेही उपस्थित झाले आहेत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री प्रवास करीत असलेली मर्सिडीझ-बेंझ गाडी कठड्याच्या भिंतीवर आदळली. ही क्रीडा गाडी नव्हती. परंतु उच्च वेग सहज व निःशब्दपणे गाठणारी होती. पुढे बसलेले दोघे जखमी झाले. मागे सुरक्षापट्टा न लावता बसलेले मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी जहांगीर पंडोल मरण पावले.

या तपासात गाडीतील नोंदयंत्राचा उपयोग झाला. आघातापूर्वीच्या काही सेकंदांतील वेग, ब्रेक, सुकाणूची दिशा इत्यादी माहिती साठविणारे हे साधन हवापिशव्यांच्या नियंत्रकातून विकसित झाले आहे. नोंदीतील माहिती उलगडण्यासाठी जर्मनीस पाठवावी लागली. उत्पादकाच्या अहवालानुसार आघाताच्या पाच सेकंद आधी वेग ताशी १०० किमी. होता व ब्रेक लावल्यावर ८९ किमी. वेगाने गाडी आदळली. ताशी १०० किमी. वेगाने गाडी पाच सेकंदांत सु. १३९ मी. अंतर तोडते, एवढ्या अंतरात वेग केवळ ११ किमी.नी उतरला. चौकशीचे दुसरे टोक रस्त्याकडे वळले. तीन मार्गिकांचा रस्ता पुलापाशी दोन मार्गिकांचा होत होता व कठड्याची भिंत वाहनाच्या वाटेत पुढे आलेली होती. ल मां येथे १९५५ मध्ये विचारला गेलेला प्रश्न येथे ६७ वर्षांनी पुन्हा विचारला गेला. मागील आसनावर पट्टा लावणे नियमानुसार आधीच बंधनकारक होते; त्याच्या अंमलबजावणीची चर्चा मात्र या मृत्यूनंतर सुरू झाली.

वास्तविक ही चर्चा आठ वर्षे आधीच व्हावयास हवी होती. बीड जिल्ह्यातील नाथ्रा गावचे केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांचा ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मागील आसनावर असतानाच मृत्यू झाला. धडक देणारी व धडक बसलेली अशी दोन्ही वाहने सामान्य होती. घातपाताची शंका घेतली गेली, केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास केला व कट नसल्याचा निष्कर्ष काढला. याच जिल्ह्यातील नेते विनायक मेटे १४ ऑगस्ट २०२२ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मरण पावले तेव्हाही शंकांचे हेच आवर्तन झाले. लोकमानसाला माणसाच्या थोरवीला साजेसे कारण हवे असते; वेग व पट्टा ही कारणे त्याला क्षुद्र वाटतात.

पुण्यातील कल्याणीनगर भागात १९ मे २०२४ रोजी पहाटे एका पोर्शे टायकान गाडीने दुचाकीस धडक दिली व दुचाकीवरील दोघे तरुण अभियंते मरण पावले. गाडी अल्पवयीन मुलगा चालवीत असल्याचे पोलिसांनी नोंदविले. टायकान ही २०१९ पासून बनविली जाणारी विद्युत् गाडी असून विद्युत् घटमालेमुळे तिचे वजन दोन टनांहून अधिक भरते. ही गाडी बंगळूर येथून तात्पुरत्या नोंदणीवर आणलेली होती. महाराष्ट्रात विद्युत् गाड्यांना करमाफी असल्याने कायम नोंदणीसाठी केवळ १,७५८ रुपये शुल्क भरावयाचे होते. ते न भरल्याने नोंदणी झालीच नव्हती. अपघातानंतर परिवहन अधिकारी व उत्पादकाचे तंत्रज्ञ यांनी गाडी तपासली. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून पुढे स्वतंत्र खटला उभा राहिला. येथे यंत्राच्या साक्षीपेक्षा माणसाच्या रक्ताची साक्ष अधिक विवाद्य ठरली.

कायदा : १९३९ च्या मोटार वाहन कायद्याची जागा घेणाऱ्या १९८८ च्या कायद्यातील कलम १३६ नुसार अपघातग्रस्त वाहन तपासण्याचा अधिकार शासनाने नेमलेल्या व्यक्तीस आहे. २०१९ च्या दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलाविण्याचे आदेश उत्पादकांस देण्याचा अधिकार केंद्र शासनास मिळाला, तसेच अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा मालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंडाची तरतूद झाली. कलम १३६ लिहिले गेले ते ब्रेक, दिवे, टायर व सुकाणू डोळ्यांनी पाहून अहवाल देण्याच्या काळात. तपासणीचे सोपस्कार पुरे झाल्यावर चोवीस तासांच्या आत वाहन परत करावे, असे त्यात म्हटले आहे. चारोटीच्या गाडीतील नोंदी वाचण्यासाठी मात्र जर्मनीस पाठवाव्या लागल्या होत्या व त्यांच्या वाचनाचा अहवालही उत्पादकानेच दिला होता.