पाकिटावरचं गोंदिया

घरच्या प्रिंटरमध्ये कागद घालायला काही विशेष लागत नाही. गठ्ठा जरा फडफडवायचा, ट्रेमध्ये सरकवायचा, बाजूची पट्टी कडेला टेकवायची, झालं. पाकीट मात्र नखरे करतं. छापायची बाजू वर की खाली, झाकण डावीकडे की उजवीकडे, हे प्रत्येक प्रिंटरचं वेगळं. सोपा उपाय म्हणजे कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने फुली मारून आधी तो सोडून बघायचा. पावसाळ्यात तर पाकिटाचा डिंक आधीच ओलसर, त्यात लेझर प्रिंटरची उष्णता, म्हणजे झाकण आतच चिकटून येतं. आणि गंमत बघा, आपल्या गोंदियाचं नावही गोंदावरून, म्हणजे डिंकावरूनच पडलं असं सांगतात!

असो. खरी मजा पुढे आहे. पाकीट नीट बसलं की त्यावर छापायचं काय? लग्नपत्रिकांसाठी जपून ठेवलेल्या याद्यांत 'जि. भंडारा' अजून सापडतं. चूक कशी म्हणणार? गोंदिया जिल्हा झालाच मुळी 1 मे 1999 ला.

त्याआधी राज्यंही बदलली. 1950 पर्यंत आपण मध्यप्रांत व वऱ्हाडात. मग तेच मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 ला आपण मुंबई राज्यात गेलो आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात आलो. म्हणजे गोंदियातलं एखादं घर जागचं हललंही नाही, पण साधारण दहा वर्षांत त्याच्या पत्त्यावर चार राज्यांची नावं येऊन गेली!

या सगळ्यात टिकून राहिला तो पिनकोड. 15 ऑगस्ट 1972 ला तो सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावं आणि नाना भाषांत लिहिलेले पत्ते, ही तेव्हाची अडचण. आपल्याला ती वेगळी सांगायला नको. गोरेगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला मुंबईच आठवते, आणि अर्जुनी तर आपल्या जिल्ह्यातच दोन, मोरगाव आणि सडक!

गोंदियाचा 441601 घ्या. पहिला 4 आपल्या विभागाचा. त्यात महाराष्ट्र आणि गोव्याबरोबर मध्य प्रदेश, छत्तीसगडही येतात. म्हणजे राज्यं वेगळी झाली तरी टपालाच्या आकड्यात बालाघाट आणि राजनांदगाव अजून आपले शेजारीच. पहिले तीन आकडे मिळून टपाल छाटणीचा जिल्हा ठरतो, शेवटचे तीन टपाल कार्यालय सांगतात. सरकारी जिल्हा बदलला म्हणून हा आकडा बदलावा लागत नाही. त्यामुळे कुणी सवयीने 'जि. भंडारा' लिहिलं तरी पिन बरोबर असेल तर पत्र वाट चुकायचं कारण नाही.

पण एक गोष्ट मनाला लागते. संगणकातल्या यादीत पत्ता दुरुस्त केला की जुना पुसला जातो, मागे खूण राहत नाही. हाताने लिहिलेल्या पाकिटावर ती राहते. आजोबांच्या अक्षरातलं 'मध्य प्रदेश', त्यावर टपालाचा शिक्का, तारीख... आपल्या भागाचा इतिहास इतक्या नेमकेपणाने आपल्या घरात दुसरीकडे कुठे लिहिलेला असणार?

तेव्हा मंडळी, दिवाळीच्या साफसफाईत जुनी पाकिटं रद्दीत घालू नका. आतलं पत्र हरवलं असलं तरी चालेल. आणि तुमच्याकडच्या सर्वांत जुन्या पाकिटावर गोंदिया कुठल्या राज्यात आहे, ते बघून नक्की कळवा.