सागवान विलायतेला कसं गेलं?

श्रोतेहो, आपल्याकडे माळवदाच्या घरात जुनी तुळई दाखवून म्हातारी माणसं सांगतात, "सागाची आहे, वाळवी शिवत नाही." आपल्याला किनवटचं रान जवळचं. पण पश्चिम किनाऱ्यावरचा साग समुद्रापार युरोपातही गेला, आणि कित्येकदा तो सबंध जहाज होऊनच गेला. गिऱ्हाइकं मुख्यतः दोन, पोर्तुगाल आणि इंग्लंड.

पोर्तुगीज आधी आले. 1534 साली वसई त्यांच्या हाती पडली. मागे सागाचं रान, पुढे खाडी. तिथे त्यांची जहाजं बांधली जाऊ लागली. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, आणि किल्ल्याबरोबर लाकडाचं कोठारही गेलं. दमण मात्र त्यांच्याकडे राहिलं. पुढची हकीकत मोठी नवलाची आहे. 1772 च्या सुमारास मराठी आरमाराने त्यांच्या 'सांताना' नावाच्या युद्धनौकेचं नुकसान केलं. त्याच्या भरपाईपोटी 1779 च्या तहाने पेशव्यांनी नगर हवेलीतल्या गावांचा महसूल पोर्तुगिजांना लावून दिला. पुण्याच्या कारभाऱ्यांनी हिशेब वसुलाचा केला. रानाचा फारसा केला नसावा, असं मला वाटतं. कारण 1843 साली दमणला जी मोठी पोर्तुगीज युद्धनौका पाण्यात उतरली, तिचा साग याच नगर हवेलीचा होता. एका नौकेच्या भरपाईत दुसरीचं लाकूड मिळालं म्हणायचं!

इंग्रजांची गोष्ट वेगळी. त्यांच्या घरी ओक नावाचं दणकट झाड होतं, आणि डोलकाठ्या, फळ्या बाल्टिक समुद्राकाठच्या देशांतून येत. म्हणून साग त्यांना उशिरा हवासा झाला. ओक कमी पडू लागला. 1807 नंतर नेपोलियनच्या नाकेबंदीने बाल्टिकची वाटही अडली. मुंबईत मात्र तयारी होती. 1736 साली सुरतेहून आलेल्या लवजी वाडियांच्या घराण्यात जहाज बांधण्याची विद्या होती, 1750 पासून कोरडी गोदीही होती. जमशेटजी वाडियांनी 1810 मध्ये 'मिंडन' ही 74 तोफांची नौका बांधून दिली. सागात आणखी एक गुण: ओकच्या आंबटपणाने लोखंडी खिळे खातात, सागातल्या तेलाने ते टिकतात.

हा माल टेम्स नदीवरच्या जहाजवाल्यांना मात्र रुचला नाही. हिंदुस्थानी बांधणीच्या जहाजांविरुद्ध 1814 साली त्यांची गाऱ्हाणी पार्लमेंटपुढे गेली. दरम्यान कॅनडाचं लाकूडही भरपूर येऊ लागलं होतं. तात्पर्य, पोर्तुगालला आपल्या किनाऱ्याचा साग तीन शतकं लागला. इंग्लंडला अडचणीच्या काळात जास्त.

पण ती अडचण रानातल्या माणसाला महाग पडली. मुंबईच्या गोदीला पुष्कळ साग मलबारातून येई. 1806 मध्ये कंपनीने तिथे कॅप्टन वॉटसनला रानांवर नेमलं आणि साग सरकारी ठरवला. ज्यांच्या मालकीची झाडं, त्यांनाच तोडायची बंदी! ओरड इतकी झाली की 1823 साली मद्रासचे गव्हर्नर मन्रो यांनी ती व्यवस्था मोडली.

मुंबईत 1817 साली बांधलेली 'त्रिंकोमाली' आज इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. दमणची नौका 1963 मध्ये आगीत होरपळली. पुढे डागडुजी होऊन ती लिस्बनसमोर अल्मादाला ठेवली आहे. मलबारात तोडलेला साग पुन्हा लावण्याचं काम 1840 नंतर निलांबूरला सुरू झालं, ते चातू मेनन यांच्या देखरेखीखाली. त्या लागवडीतली काही झाडं अजून उभी आहेत.