मेरी ट्यूडरच्या लग्नाच्या याद्या

१५१४ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या राजाकडून लंडनला एक हिरा आला. माणसाच्या बोटाएवढा, आणि त्याखाली लोंबणारा मोती कबुतराच्या अंड्याएवढा. त्याला ‘नेपल्सचा आरसा’ म्हणत. पाठवणारा होता बारावा लुई, वय ५२, दोन लग्नं पाठीशी असलेला. ज्या मुलीसाठी पाठवला ती इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची धाकटी बहीण मेरी ट्यूडर, वय १८. भावी मेव्हण्याकडून आलेला हा अहेर हेन्रीनं आधी शहरातल्या जवाहिऱ्यांना दाखवला. त्यांनी किंमत सांगितली ६०,००० क्राउन.

ही मेरी म्हणजे पुढे प्रोटेस्टंटांना जाळणारी राणी नव्हे. ती हिची भाची. या मेरीची गोष्ट एरवी प्रेमकथा म्हणून सांगतात. १८९८ साली अमेरिकेत तिच्यावरची एक कादंबरी धो धो खपली, १९५३ मध्ये डिस्नेनं त्याच कथेवर चित्रपट काढला. म्हातारा राजा, रूपवान राजकन्या, धिप्पाड सरदार, चोरून लग्न. खोटं त्यात काही नाही. पण ही कथा घडली ती देण्याघेण्याच्या याद्यांच्या काठाकाठानं, आणि त्या याद्या वाचल्या तर नायिका जास्त हुशार दिसते.

पहिली यादी वडिलांनी, सातव्या हेन्रीनं केली. डिसेंबर १५०८ मध्ये रिचमंडच्या राजवाड्यात बारा वर्षांच्या मेरीचं लग्न आठ वर्षांच्या चार्ल्सशी लागलं. हा चार्ल्स पुढे सम्राट पाचवा चार्ल्स झाला. नवरा मुलगा अर्थातच हजर नव्हता, त्याच्या वतीनं एक सरदार उभा राहिला. मुलाकडून दागिना आला तो त्याच्या नावाचं आद्याक्षर हिऱ्यामोत्यांत मढवलेला. त्यावरचं वचन बायबलातलं, मार्था आणि मेरीच्या गोष्टीतलं: मेरीनं चांगला वाटा निवडला आहे आणि तो तिच्याकडून काढून घेतला जाणार नाही. काढून कसा घेतला जातो, हे पुढच्या सहा वर्षांत दिसलंच. मुलाचे आजोबा सम्राट मॅक्सिमिलियन यांची तिजोरी कायम रिकामी. त्यांनी याच सोयरिकीच्या गडबडीत व्याह्याकडून ५०,००० क्राउन कर्ज काढलं आणि तारण म्हणून एक मौल्यवान रत्नजडित लिली गहाण टाकली. वधूपक्षाकडे एकाच वेळी अहेरही आला आणि गहाणही आलं.

१५१३ मध्ये ठरलं की पुढच्या वर्षी १५ मेच्या आत चार्ल्सनं मेरीला न्यायचं. तो दिवस नुसता गेला. मॅक्सिमिलियन आणि चार्ल्सची आत्या मार्गारेट सबबी सांगत राहिले. त्याच सुमारास, जानेवारी १५१४ मध्ये, फ्रान्सची राणी ॲन वारली. लुईला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता, आणि फ्रान्सच्या गादीवर मुलीचा हक्क चालत नव्हता. म्हणून लुईला नवी बायको हवी होती. मेरीसाठीच्या वाटाघाटींची इंग्लंडकडची सूत्रं हेन्रीचा मंत्री टॉमस वुल्झी याच्या हाती होती, तो त्या वेळी चढत्या पायरीवर होता. ३० जुलैला वॉन्स्टेडला मेरीनं साक्षीदारांसमोर चार्ल्सशी झालेला करार मोडला आणि १३ ऑगस्टला ग्रिनिचमध्ये तिचं लुईशी लग्न लागलं. याही वेळी नवरा गैरहजर. त्याच्या जागी उभा राहिला ड्यूक ऑफ लाँगव्हिल, जो आदल्या वर्षीच्या लढाईत पकडलेला हेन्रीचा युद्धकैदी होता. विधीच्या शेवटी मेरी पलंगावर आडवी झाली, लाँगव्हिलनं एका पायावरची तुमान काढली आणि उघड्या पायानं तिला स्पर्श केला. एवढ्यानं विवाह ‘पूर्ण’ झाला. हसू येतं, पण तहावर शिक्का उमटवण्याइतकंच ते गंभीर होतं. हुंडा ठरला ४,००,००० क्राउन, त्यातले निम्मे दागिने आणि घरसामानाच्या रूपात धरायचे.

आता या यादीत नसलेली एक अट. निघताना समुद्रकाठी मेरीनं भावाकडून वचन घेतलं: आता तुझ्या मर्जीनं करते, पण हा नवरा गेला तर पुढचं लग्न माझ्या मर्जीनं. हे तिच्याच पत्रांतून कळतं, कारण तिनं पुढे हेन्रीला त्याची वारंवार आठवण करून दिली. बावन्न वर्षांचा, संधिवातानं जर्जर नवरा मिळणाऱ्या मुलीनं वैधव्याची तजवीज आधीच करून ठेवावी, यातला थंड व्यवहार मला तिच्या सगळ्या अश्रूंपेक्षा खरा वाटतो. करारात मुदत कोणीच लिहिली नव्हती, हिनं ती मनात धरली होती.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ताफा डोव्हरहून निघाला आणि वादळात सापडला. एक मोठं जहाज बुडालं, बाकीची पांगली. बुलोनच्या किनाऱ्यावर सर ख्रिस्टोफर गार्निश या सरदारानं नव्या राणीला उचलून पाण्यातून बाहेर आणलं. ९ ऑक्टोबरला ॲबव्हिलला लग्न झालं. दुसऱ्या दिवशी लुईनं तिच्याबरोबर आलेल्या बहुतेक इंग्रज बायकांना परत धाडलं. त्यात तिची वडीलधारी लेडी गिल्डफर्डही गेली. मेरीनं संतापून भावाला आणि वुल्झीला पत्रं लिहिली, उपयोग झाला नाही. ५ नोव्हेंबरला सँ-दनीला राज्याभिषेक झाला, आणि १ जानेवारी १५१५ ला लुई वारला. संसार तीन महिनेही टिकला नाही. बायकोच्या तारुण्यानं म्हाताऱ्याला संपवलं, अशी चेष्टा युरोपभर झाली.

विधवा राणीनं पांढरा वेश घेतला आणि पॅरिसच्या क्लूनी वाड्यात चाळीस दिवस बंद राहिली. आज तिथं मध्ययुगीन कलेचं संग्रहालय आहे. हा कोंडवास नुसत्या दुखवट्याचा नव्हता. तिला दिवस गेले आहेत का, हे नव्या राजाला, लुईचा जावई फ्रान्स्वा याला, बघायचं होतं, कारण मुलगा झाला असता तर फ्रान्स्वाचं राज्य गेलं असतं. तसं काही नाही हे स्पष्ट झालं आणि मेरी पुन्हा बाजारात आली. फ्रान्स्वाला ती फ्रान्सच्या सोयीच्या घरात द्यायची होती. दोन पाद्री येऊन तिच्या कानात सांगून गेले की भाऊ तिला पुन्हा फ्लँडर्सच्या, म्हणजे चार्ल्सच्या, घरात देणार आहे. अशा वेळी हेन्रीनं बहिणीला आणायला ज्याला पाठवलं तो चार्ल्स ब्रँडन, ड्यूक ऑफ सफक.

ब्रँडनचा बाप बॉझवर्थच्या लढाईत सातव्या हेन्रीचं निशाण धरून पडला होता. तेवढ्या पुण्याईवर मुलगा राजवाड्यात वाढला. आठव्या हेन्रीचा लंगोटीयार, घोड्यावरून भाल्यानं खेळण्यात पटाईत. त्याचा वैवाहिक इतिहास मात्र कुठल्याही वधूपित्याला घाम फोडेल असा. ॲन ब्राउन या मुलीला शब्द दिला, मग तिच्याच श्रीमंत विधवा मावशीशी लग्न केलं, मावशीच्या जमिनी विकल्या, ते लग्न रद्द करून पुन्हा ॲनशी लग्न केलं. ती गेल्यावर स्वतःच्या पालकत्वाखालच्या एका वारसदार मुलीशी वाङ्‌निश्चय केला. १५१३ मध्ये तर त्यानं सम्राटाची मुलगी मार्गारेट हिच्या बोटातली अंगठी थट्टेत काढून घेतली होती, आणि ती सोडवायला तिला आपलं एक कंकण द्यावं लागलं.

मेरीशी लग्न करणार नाही, अशी शपथ हेन्रीनं या माणसाकडून घेतली होती. तो पॅरिसला पोचला तेव्हा मेरीनं त्याला पर्यायच ठेवला नाही: आत्ता, नाहीतर कधीच नाही. ५ मार्च १५१५ ला त्यानं वुल्झीला लिहिलं की बाई इतकी रडताना मी कधी पाहिली नव्हती, तिनं मला उसंत दिली नाही, लग्न झालं आहे आणि तिला दिवस गेले असतील अशी धास्ती वाटते. सगळा दोष बायकोच्या रडण्यावर ढकलणारं हे पत्र वाचून या शूरवीराबद्दल फारसा आदर उरत नाही. मेरीनं मात्र उलट लिहिलं: हट्ट माझा होता, दोष माझा.

राजाच्या परवानगीशिवाय राजकन्येशी लग्न म्हणजे गळ्याशी येणारा गुन्हा, आणि दरबारातल्या जुन्या उमरावांना ब्रँडनचं डोकं उडालेलं चाललं असतं. पण वुल्झीला आणि मेरीला एक गोष्ट ठाऊक होती. हेन्रीचा राग खरा असला तरी त्याचा दर ठरवता येतो. लुईनं दिलेली सोन्याची भांडी आणि दागिन्यांतले हवे ते नग भावाला देते, असं तिनं लेखी दिलं. फ्रान्सकडून परत मिळणारा हुंडाही त्याचाच. शिवाय २४,००० पौंडांची रक्कम, दरवर्षी हप्त्यानं. या अटींवर १३ मे १५१५ ला ग्रिनिचला राजाच्या उपस्थितीत पुन्हा, आणि या वेळी उघड, लग्न लागलं. पहिल्या नवऱ्याच्या घरून आलेल्या मालावर तिनं दुसरा नवरा विकत घेतला. आधीच्या दोन्ही याद्यांत ती जिन्नस होती, तिसऱ्या यादीत खरेदीदार.

आणि तो हिरा? तो मेरीनं फ्रान्समधून आधीच गुपचूप भावाकडे पोचवला होता. फ्रान्स्वा भडकला. त्याचं म्हणणं, हा दागिना राणीच्या पदाचा, एका राणीकडून दुसरीकडे जायचा. म्हणजे आता त्याच्या बायकोचा, लुईची मुलगी क्लोद हिचा. इंग्रजांचं म्हणणं, नवऱ्यानं बायकोला दिलं ते बायकोचं. आपल्याकडच्या भाषेत, वाद असा की तो हिरा घराण्याचा की बाईचं स्त्रीधन. गंमत एवढीच की स्त्रीधन म्हणून भांडणाऱ्या हेन्रीनं तो बाईकडेही ठेवला नाही. फ्रान्स्वानं परत मागितला तरी हेन्रीनं दिला नाही.

पुढची अठरा वर्षं मेरी इंग्लंडात ‘फ्रेंच राणी’ म्हणूनच ओळखली गेली, कारण पदवी नवऱ्याच्या ड्यूकपणापेक्षा मोठी होती आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिच्याबरोबर पैसा येत होता. विधवा राणीला फ्रान्समधल्या इलाख्यांचं उत्पन्न मिळे. सफकच्या घराच्या मिळकतीचा तो मोठा आधार होता आणि हेन्रीचे हप्तेही त्यातूनच भागायचे. १५२२ मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटलं तसा हा पैसा बंद झाला. १५२३ मध्ये सोम नदी ओलांडून पॅरिसपासून ५० मैलांवर धडकलेल्या इंग्रज फौजेचा सेनापती कोण? ब्रँडन. ज्या देशाच्या तनख्यावर घर चाले, त्याच देशावर घरधनी चालून गेला होता. कडाक्याच्या थंडीनं फौज परत फिरली. तह झाल्यावर पैसे पुन्हा सुरू झाले.

मुलांच्या वारसाहक्कावर डाग नको म्हणून ब्रँडननं १५२८ मध्ये पोपकडून मावशीबरोबरचं ते जुनं लग्न रद्दच असल्याचं पत्र आणलं. तोवर हेन्रीही स्वतःचं लग्न रद्द करून घ्यायच्या मागे लागला होता. मेरीची सहानुभूती पहिल्या भावजयीकडे, कॅथरीनकडे. होऊ घातलेली भावजय ॲन बोलीन तिला अजिबात खपत नसे. बहिणीनं मनासारखं चोरून लग्न केलं म्हणून दंड करणाऱ्या भावानं जानेवारी १५३३ मध्ये ॲनशी चोरूनच लग्न केलं. त्याला कोणी हप्ते बांधून दिले नाहीत.

२५ जून १५३३ ला मेरी सफकमधल्या वेस्टहॉर्पला वारली. तिला बरी सेंट एडमंड्सच्या मठात पुरलं. मठ बरखास्त झाल्यावर पेटी तिथल्याच सेंट मेरी चर्चमध्ये हलवली. १७८४ मध्ये ती उघडली तेव्हा जमलेल्यांनी तिच्या केसांच्या बटा कापून नेल्या. एक गावच्या संग्रहालयात आहे. ब्रँडननं मात्र तीन महिनेही थांबण्याची तसदी घेतली नाही. सप्टेंबरात चौदा वर्षांच्या कॅथरीन विलोबीशी त्याचं लग्न झालं. या मुलीचं पालकत्व त्यानं राजाकडून विकत घेतलं होतं ते स्वतःच्या मुलासाठी. मुलगा पुढच्या मार्चमध्ये वारला.

मेरीचा वारसा मुलींकडून पुढे गेला. हेन्रीनं मृत्युपत्रात स्वतःच्या मुलांमागे थोरल्या बहिणीच्या स्कॉटिश वंशाला डावलून मेरीच्या वंशाचं नाव घातलं. त्यामुळे मेरीची नात जेन ग्रे जुलै १५५३ मध्ये नऊ दिवसांची राणी झाली आणि फेब्रुवारी १५५४ मध्ये तिचं डोकं उडालं. जेनची आई फ्रान्सेस हिनं नवऱ्यामागे आपल्याच पागेच्या कारभाऱ्याशी लग्न केलं. धाकटी नात मेरी ग्रे हिनं १५६५ मध्ये राजवाड्याच्या दरवाजावरच्या धिप्पाड अधिकाऱ्याशी गुपचूप लग्न केलं, आणि त्याला तुरुंगात टाकलं गेलं.

मधली नात कॅथरीन ग्रे. तिनं १५६० च्या अखेरीस अर्ल ऑफ हर्टफर्डशी वेस्टमिन्स्टरमधल्या त्याच्या घरी चोरून लग्न केलं. गादीवर आता ॲन बोलीनची मुलगी एलिझाबेथ होती. पोट दिसू लागल्यावर दोघांची रवानगी लंडनच्या टॉवरमध्ये, तुरुंगात, झाली. चौकशीत लग्नाचा पुरावा मागितला गेला. एकमेव साक्षीदार, नवऱ्याची बहीण, वारलेली. लग्न लावणारा पाद्री सापडेना. नवऱ्यानं आपल्या मागे तिला उत्पन्न लिहून दिलेला कागद होता, तो तिच्याकडून हरवला. उरली ती पाच कड्यांची सोन्याची अंगठी. १५६२ च्या मे महिन्यात चौकशी मंडळानं निकाल दिला: लग्न झालेलंच नाही, मूल अनौरस.